बेसबॉल: अंपायर मॅनेजरला मैदानाबाहेर काढतो तेव्हा नेमकं काय होतं?

तिसरी_इनिंग (प्रश्न)

क्रिकेटमध्ये पंचाशी हुज्जत घातली तर सहसा मॅच फी कापतात, डिमेरिट पॉइंट देतात, खेळाडू मात्र मैदानातच राहतो. मेजर लीग बेसबॉलमध्ये अंपायरने हात हवेत झटकला की मॅनेजर (संघाचा मुख्य प्रशिक्षक) किंवा बॅटर त्या सामन्यापुरता संपला. नियमांचं पुस्तक चाळलं, पण चित्र स्पष्ट होत नाही. कुठल्या कॉलवर बोलायला चालतं आणि कुठल्यावर नाही? किती बोललं की काढतात? काढलेला माणूस जातो कुठे? आणि निर्णय बदलणारच नसेल तर ही माणसं तावातावाने जाऊन ओरडतात कशासाठी? रिप्ले (व्हिडिओ बघून निर्णय तपासणं) आल्यावर तरी हे बंद व्हायला हवं होतं ना?

---

फुल_काउंट

आधी निर्णयांचे दोन प्रकार वेगळे करा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

पहिला नजरेचा निर्णय: चेंडू स्ट्राइक (मारण्याजोगा किंवा मारताना हुकलेला; तीन झाल्या की बॅटर आउट) की बॉल (टप्प्याबाहेरचा, न मारलेला), फेअर की फाउल (मारलेला चेंडू हद्दीत की बाहेर), रनर (बेसकडे धावणारा) सेफ की आउट. नियम ८.०२ म्हणतो की असा निर्णय अंतिम आणि त्यावर खेळाडू, कोच, मॅनेजर कुणीही हरकत घ्यायची नाही. दुसरा नियम लावण्याचा निर्णय. अंपायरने नियमच चुकीचा लावला असं वाटलं, तर मॅनेजरला दाद मागता येते, पण ज्याने निर्णय दिला त्याच अंपायरकडे. तो हवं तर सहकाऱ्याला विचारेल. न विचारता दुसऱ्या अंपायरने मध्ये तोंड घालायचं नाही, हेही तिथेच लिहिलंय.

प्रत्यक्षात सेफ-आउटवर मॅनेजर आला तर त्याला थोडं बोलू देतात. स्ट्राइक-बॉलवर मात्र अजिबात नाही. डगआउट (संघाची बसायची छताखालची जागा), कोचची जागा किंवा आपली फील्डिंगची जागा सोडून कुणी त्यावर वाद घालायला होम प्लेटकडे (बॅटर उभा राहतो तिथे) निघाला तर आधी ताकीद, आणि तरीही पावलं थांबली नाहीत तर बाहेर. कारण साधं आहे. एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून अडीचशे-तीनशे चेंडू पडतात. प्रत्येकावर चर्चा सुरू झाली तर सामना संपायचा नाही.

बाहेर काढण्याचा अधिकार नियम ८.०१ मध्ये आहे आणि तो चारही अंपायरना स्वतंत्रपणे असतो, फक्त प्लेटमागच्याला नव्हे. खेळ चालू असताना कुणाला काढलं, तर तो प्ले पूर्ण होईपर्यंत ते लागू होत नाही. मैदानावरच्या कर्मचाऱ्याला किंवा फोटोग्राफरलाही अंपायर घालवू शकतो.

अर्धवट स्विंगचा नियम वेगळा आहे. बॅट फिरली की नाही यावर प्लेट अंपायरने ‘बॉल’ म्हटलं असेल, तरच कॅचर (प्लेटमागे चेंडू झेलणारा) किंवा मॅनेजर त्याला बेसवरच्या अंपायरला विचारायला सांगू शकतो. ‘स्ट्राइक’ म्हटलं असेल तर विषय संपला. आणि तक्रार ‘कॉल चुकला’ अशी करायची नाही. ‘सहकाऱ्याला विचारलं नाही’ एवढीच करता येते.

नियमाच्या प्रश्नावर समाधान झालं नाही, तर ‘हा सामना आम्ही प्रोटेस्टखाली खेळतोय’ (म्हणजे नंतर लीगकडे तक्रार करायचा हक्क राखून) असं मॅनेजर जाहीर करू शकतो.

---

स्कोअरबुक

फुल_काउंट, शेवटचं वाक्य जुनं झालं. प्रोटेस्टची तरतूद मेजर लीगने २०२० मध्ये काढून टाकली. बाकी सगळं बरोबर.

---

फुल_काउंट

हो, मान्य. ते वाक्य सोडून द्या.

---

पायरीवरचा_कोच

‘किती बोललं की काढतात’ याचं उत्तर पुस्तकात नाही, ते अंपायरच्या प्रशिक्षणात आहे. तिथे चार पायऱ्या शिकवतात: दुर्लक्ष करा, ऐकलंय एवढं दाखवा, ताकीद द्या, काढा. डगआउटमधून ‘अरे काय!’ असा एक आवाज आला तर अंपायर मानही वळवत नाही. दुसऱ्यांदा आला तर त्या दिशेला बघतो. मग हात पुढे करून ‘बास, आता पुरे’. ही ताकीद सगळ्यांना दिसेल अशी देतात, म्हणजे नंतर ‘आम्हाला सांगितलंच नाही’ म्हणायला जागा उरत नाही.

पण काही गोष्टींत या पायऱ्या चढायला वेळच मिळत नाही:

बोलणं अंगावर गेलं की संपलं. ‘तो कॉल भिकार होता’ हे खपून जाऊ शकतं, ‘तू भिकार आहेस’ हे खपत नाही. शिवीचंही तसंच. हताश होऊन स्वतःशी दिलेली शिवी वेगळी, अंपायरकडे बघून दिलेली वेगळी.

चेंडू कुठून गेला हे दाखवायला बॅटरने बॅटने मातीत रेघ ओढली, तर तोंडातून एक शब्द न काढताही तो जवळजवळ नक्की बाहेर जातो. भर मैदानात अंपायरला उघडं पाडणं हा शिवीपेक्षा मोठा गुन्हा समजला जातो. हेल्मेट आपटणं, बॅट हवेत उडवणं त्याच जातीचं.

अंपायरला धक्का लागला तर बाहेर, आणि वर लीगकडून दंड किंवा निलंबन. टोपीचं टोक कपाळाला लागलं तरी तो स्पर्शच. बाल्टिमोर ओरिओल्सचे मॅनेजर अर्ल वीव्हर भांडायच्या आधी टोपी उलटी फिरवायचे ते याचसाठी. नाकाला नाक लावता येतं आणि टोक लागत नाही!

रिप्लेचा निकाल आल्यावर त्यावर वाद घालायला आलात तर ताकीदही नाही, सरळ बाहेर.

आता ‘कशासाठी ओरडतात’. निर्णय बदलावा म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा मॅनेजर आपल्या खेळाडूला वाचवायला येतो. बॅटर भडकलाय, आणखी दोन वाक्यं बोलला तर जाईल हे दिसलं की मॅनेजर धावत येतो, दोघांच्या मध्ये शिरतो, खेळाडूला पाठीमागे ढकलतो आणि भांडण स्वतःकडे ओढून घेतो. हिशेब बघा. मॅनेजर गेला तर बेंच कोच (त्याचा सहायक) संघ चालवतो, मैदानावर काहीच कमी होत नाही. खेळाडू गेला तर तो परत येऊ शकत नाही. २६ जणांच्या संघात १३ पिचर (चेंडू टाकणारे) धरले तर नऊ बॅटर खेळत असताना बेंचवर उरतात चार, आणि त्यात एक राखीव कॅचर, ज्याला मॅनेजर शेवटपर्यंत जपून ठेवतात. एक माणूस गेला की आठव्या इनिंगमधला पिंच हिटर (ऐन वेळी दुसऱ्याच्या जागी पाठवायचा बॅटर) गेला म्हणायचं.

अटलांटा ब्रेव्हजचे मॅनेजर बॉबी कॉक्स याच हिशेबाचे उस्ताद. जुन्या काळचे मॅनेजर जॉन मॅग्रॉ यांचा सर्वाधिक हकालपट्ट्यांचा विक्रम त्यांनी १४ ऑगस्ट २००७ रोजी मोडला, तेव्हाच्या मोजणीनुसार १३२ वी हकालपट्टी. निमित्त होतं त्यांचा बॅटर चिपर जोन्सला बॅट न फिरवता मिळालेली तिसरी स्ट्राइक. निवृत्त होईपर्यंत त्यांचा आकडा दीडशेच्या पुढे गेला. वर्ल्ड सिरीजमधूनही ते दोनदा बाहेर गेलेत, १९९२ आणि १९९६ मध्ये.

संघ मरगळलाय म्हणून मुद्दाम निघून जाणारेही असतात. त्याने संघ खरंच पेटून उठतो का, याबद्दल मला शंका आहे. प्रेक्षकांची करमणूक मात्र होते.

---

तिसरी_इनिंग

खेळाडूचा हिशेब पटला. पण बॅटरला बॅटिंग चालू असतानाच काढलं तर? दोन स्ट्राइक झालेल्या असतील तर नवा माणूस शून्यापासून सुरू करतो का? आणि पिचरला काढलं तर पुढचा वॉर्मअप न करताच येतो?

---

स्कोअरबुक

शून्यापासून नाही. बदली बॅटर तोच काउंट (तोवरचे बॉल आणि स्ट्राइक) पुढे घेतो. गंमत नोंदीत आहे. पहिला बॅटर दोन स्ट्राइकवर गेला आणि बदली खेळाडू स्ट्राइकआउट (तिसऱ्या स्ट्राइकवर आउट) झाला, तर ते स्ट्राइकआउट आणि ते ॲट-बॅट (बॅटिंगची पाळी) दोन्ही पहिल्याच्या नावावर पडतं. दुसरं काहीही झालं, हिट असो, वॉक (चार बॉल झाल्यावर मोफत मिळणारा पहिला बेस) असो की झेल, ते बदली खेळाडूचं. काउंटमध्ये दोन स्ट्राइक नसतील तर सगळंच बदली खेळाडूचं.

पिचरसाठी: ठरवून बदल केला असेल तर नव्या पिचरला ठरावीक वेळेतच सराव आटपावा लागतो. पण दुखापत किंवा हकालपट्टीमुळे तयारी नसताना यावं लागलं, तर अंपायर त्याला लागतील तितके सरावाचे चेंडू टाकू देतो. थंड हाताने पूर्ण जोर लावला तर खांदा जायचा.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २३ जून १९१७ चं. बोस्टन रेड सॉक्सकडून बेब रूथ पिचिंग करत होता. पहिल्याच बॅटरला, रे मॉर्गनला, वॉक मिळाला. रूथ अंपायर ब्रिक ओवेन्सवर धावून गेला, त्याला बाहेर काढलं आणि त्याने ओवेन्सला ठोसा मारला. शिक्षा १०० डॉलर दंड आणि दहा दिवसांचं निलंबन. आज कुणी असं केलं तर दहा दिवसांत सुटणार नाही. त्याच्या जागी आलेल्या एर्नी शोरने काय केलं? मॉर्गन बेस चोरताना आउट झाला आणि शोरने पुढचे सगळेच्या सगळे २६ बॅटर बाद केले.

हकालपट्ट्या आणि दुखापती मिळून एखाद्या संघाकडे मैदानात उभे करायला नऊ जणच उरले नाहीत, तर तो सामना दुसऱ्या संघाला बहाल होतो. तेवढी वेळ येत नाही, पण नियम आहे.

‘जातो कुठे’ हे राहिलं. नियम ६.०४: ताबडतोब मैदान सोडायचं, सामन्यात पुढे कसलाही भाग घ्यायचा नाही. क्लबहाउसमध्ये बसा, नाहीतर कपडे बदलून घरी जा, किंवा आपल्या बेंच आणि बुलपेनपासून (राखीव पिचरांची सरावाची जागा) लांब प्रेक्षकांत बसा. डगआउटच्या तोंडाशी उभं राहून खुणा करणं चालत नाही. ९ जून १९९९ ला न्यूयॉर्क मेट्सचे मॅनेजर बॉबी व्हॅलेंटाइन बाराव्या इनिंगमध्ये बाहेर गेले आणि थोड्या वेळाने गॉगल लावून, डोळ्यांखाली लावायच्या काळ्या पट्ट्यांच्या मिशा चिकटवून डगआउटमध्ये परतले. कॅमेऱ्याने टिपलं. दोन सामन्यांचं निलंबन आणि ५,००० डॉलर दंड.

---

तिसरी_इनिंग

मिशा! बरं, यांकीजचे मॅनेजर ॲरन बून न बोलताच बाहेर गेले होते, ते कुठल्या नियमात बसतं?

---

फुल_काउंट

२२ एप्रिल २०२४, यांकी स्टेडियम, समोर ओकलंड. पूर्ण निर्दोष नव्हते. पहिल्याच बॅटरच्या अर्धवट स्विंगवरून ते बोलले होते आणि प्लेट अंपायर हंटर वेंडलस्टेड यांनी ताकीद दिली होती. त्यानंतर ते गप्प बसले. मग डगआउटच्या वरच्या रांगेतला एक प्रेक्षक ओरडला, आणि काढलं बूनना. सामन्याचे पाच चेंडू झाले होते. बून हातवारे करून वरच्या प्रेक्षकाकडे दाखवत होते, पण ‘कोण बोललं याच्याशी मला देणंघेणं नाही’ असं उत्तर मिळालं.

यामागे एक रूढी आहे: बेंचवरून आवाज आला आणि माणूस ओळखता आला नाही, तर मॅनेजरला जबाबदार धरायचं, खेळाडूला घालवायचं नाही. पुस्तकात लिहिलेलं याहून कडक आहे. आधी बेंचला ताकीद. तरी थांबले नाहीत तर दोषींना घालवा. दोषी सापडत नसेल तर सगळे राखीव खेळाडू क्लबहाउसमध्ये पाठवा. बदली लागेल तेव्हा मॅनेजर त्यांतून हवा तो बोलावून घेईल. मला विचाराल तर त्या दिवशी रूढी चुकली नाही, ती वापरायची घाई चुकली. आवाज छताखालून आला की छतावरून, एवढं तरी बघायला हवं होतं.

---

पायरीवरचा_कोच

रिप्लेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २००८ मध्ये रिप्ले फक्त होमरनपुरता आला, २०१४ मध्ये सेफ-आउटसह बऱ्याच कॉलना लागू झाला. मॅनेजरने डगआउटमधून लगेच हात वर करायचा आणि रिप्ले मागायचा की नाही ते १५ सेकंदांत ठरवायचं. नियमित हंगामात एक चॅलेंज, बरोबर ठरलं तर ते परत मिळतं. त्यामुळे पहिल्या बेसवरची भांडणं जवळपास संपली. पण स्ट्राइक-बॉल, अर्धवट स्विंग, बॉक (पिचरची नियमबाह्य हालचाल) हे रिप्लेच्या बाहेरच राहिले, आणि सगळा राग तिकडे वळला. २०२४ आणि २०२५ मध्ये सुमारे ६० टक्के हकालपट्ट्या स्ट्राइक-बॉलशी संबंधित होत्या.

म्हणून २०२६ च्या हंगामासाठी स्ट्राइक-बॉलवर कॅमेऱ्यांनी चालणारी चॅलेंज पद्धत मंजूर झाली. प्रत्येक संघाला दोन, बरोबर ठरलेलं खर्ची पडत नाही. मागणार फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर. टोपीवर किंवा हेल्मेटवर हात थोपटायचा, चेंडू पडल्यावर लगेच. झोन (चेंडू यातून गेला तर स्ट्राइक) १७ इंच रुंद, वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. मॅनेजरला यात स्थानच नाही.

दोन्ही चॅलेंज तिसऱ्या इनिंगपर्यंत उडवून टाकणारा संघ पुढे काय करणार? पूर्वी करायचा तेच.

---

तिसरी_इनिंग

आणि डगआउटमधून कुणी ‘माग, माग’ अशी खूण केली तर?

---

पायरीवरचा_कोच

मदत घेतली असं अंपायरला वाटलं तर तो चॅलेंज नाकारू शकतो. आणि का नाकारलं म्हणून मॅनेजर तावातावाने प्लेटकडे निघाला, तर फुल_काउंटने लिहिलेला पहिला प्रतिसाद पुन्हा वाचा.