बडोदेकर मंडळी : पाऊस मोजायचाय, कोण कोण?

मधली मावशी (वाघोडिया रोड): हे बघा रे, मगर रस्त्यावर आलीये, विश्वामित्रीला पूर म्हणतात 😱

दादा (गोत्री): मावशी, हा व्हिडिओ जुना आहे, २०२४ ला पण तूच टाकलेलास 😄

मधली मावशी: असेल बाबा. पण इकडे कोसळतोय एवढं नक्की

दादा: गोत्रीत अंगण पण धड भिजलं नाही

ताई (डेन्व्हर): म्हणूनच म्हणते घरोघरी मोजूया. मी इथे स्कायवॉर्नचा क्लास केला, म्हणजे वादळ-पाऊस बघून इथल्या हवामान खात्याला कळवणाऱ्या साध्या लोकांसाठीचा, दोनेक तासांचा, फुकट. रडारचा किरण लांब जाता जाता जमिनीपासून वर उचलला जातो ना, मग खाली गारा पडतायत की झाड आडवं झालंय ते त्याला कुठून दिसणार, ते खिडकीतल्या माणसालाच दिसतं आणि त्याने कळवायचं. आमच्या जवळच्या फोर्ट कॉलिन्सला २८ जुलै १९९७ ला गावाच्या एका टोकाला १० इंचांच्या वर आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम २, पुरात ५ माणसं गेली. मग पुढच्या वर्षीपासून लोकच दारात मापं लावून मोजायला लागले

धाकटा मामा (दांडिया बाजार): २०१९ ला ३१ जुलैला आपल्याकडे दिवसात जवळजवळ २० इंच झालेला, कुणी मोजून काय थांबवलं? हवामान खातं आहे की

ताई: थांबवायचं कुठे म्हणतेय मामा, कळवायचं. आपल्या खात्याच्या साइटवर पण लोकांनी निरीक्षण भरायची सोय आहे. "खूप पडला" नाही हं, किती, कुठे, किती वाजता ते

वहिनी: माप कुठे मिळेल?

ताई: सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली घे, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसव. बूड खड्ड्याखड्ड्यांचं असतं म्हणून आधी थोडं पाणी ओतून तिथे रेघ मार, ते शून्य. वर पट्टी चिकटव. भिंत, झाड लांब पाहिजे. सकाळी साडेआठला बघून रिकामी करायची, परत रेघेपर्यंत पाणी. आणि विजा चमकत असताना गच्चीवर जायचं नाही, मामा तुलाच सांगतेय

धाकटा मामा: 🙄

(दुसऱ्या दिवशी)

मधली मावशी: ३८ मिमी 💪 चष्मा लावून बघितलं

दादा: ११

धाकटा मामा: ९२!! दांडिया बाजार जिंदाबाद

ताई: ९२?? बाटली कुठे ठेवलेलीस?

धाकटा मामा: गच्चीत, टाकीपाशी, वाऱ्याने पडू नये म्हणून

मामी: टाकी रात्रभर वाहत होती, यांनी मोटर चालूच ठेवलेली

दादा: 😂😂😂

धाकटा मामा: मग शून्य लिहू का

ताई: नको नको, शून्य म्हणजे पडलाच नाही. आज आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ मार. आणि बाटली टाकीपासून हलव

धाकटा मामा: हलवली. मोटर बंद करायला मी हिला सांगितलं होतं