फाइल लहान झाली, पण गाण्याचं काय?

ओपसवाला: एकाच चार मिनिटांच्या गाण्याच्या फाइली मोजल्या. वेव्ह (न दाबलेला पूर्ण आवाज) ४२ एमबी, एमपी३ ९.६, ओपस (एमपी३सारखाच, आवाजाचा काही भाग गाळून फाइल लहान करणारा फॉरमॅट) २.९. ओपस एमपी३च्या तिप्पट सरस. बाकीचं सगळं डिलीट करा.

खर्जप्रेमी: ही तुलनाच चुकीची आहे. तुमची एमपी३ ३२० केबीपीएसची (सेकंदाला ३२० किलोबिट) आहे आणि ओपस ९६ची. एमपी३ पण ९६वर काढा, तीही २.९च भरेल! आकार बिटरेट (सेकंदाला किती बिट खर्चले) आणि मिनिटं ठरवतात. तेवढ्या जागेत गाणं किती शाबूत राहिलं, हा फॉरमॅटचा प्रश्न. तो तुम्ही विचारलाच नाहीत. आणि ओपस कशातून बनवलंत, वेव्हमधून की एमपी३मधून?

ओपसवाला: एमपी३मधून. ऐकून फरक सांगा, मग बोलू. ९६वर एमपी३ किती वाईट वाजते ते तुम्हालाही माहीत आहे. २०१२चं ओपस पुढे असणारच.

फ्लॅकनिष्ठ: फ्लॅकचं नावही नाही? एक बिट न गमावता बहुतेक गाणी वेव्हच्या निम्म्या-पाऊण जागेत बसतात. जुन्या कॅसेटी मात्र तेवढ्या आटत नाहीत. फ्लॅक आवाजाचा पुढचा नमुना (त्या क्षणाचं मोजमाप) आधीच्यांवरून ताडतं, आणि खरखर ताडता येत नाही.

जुनीफीत: कॅसेटचा विषय काढलात म्हणून सांगते. आजोबांचा आवाज असलेली कॅसेट एकाकडे डिजिटल करायला दिली होती. त्याने ६४ केबीपीएसची एमपी३ दिली आणि मूळ वेव्ह पुसून टाकली. फीत नंतर तुटली. आता खरखर काढायला गेलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. ‘डिलीट करा’ म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो.

ओपसवाला: मी गाण्यांबद्दल बोलत होतो, कुणाच्या आजोबांबद्दल नाही.

जुनीफीत: वाचणारा तुमचं वाक्य कशालाही लावेल. जरा जपून लिहा.

फ्लॅकनिष्ठ: खरखर आधी काढूच नये. आहे तशी फ्लॅकमध्ये ठेवा, साफसफाई प्रतीवर करा.

खर्जप्रेमी: अगदी. आणि त्या ६४च्या एमपी३ची फ्लॅक करून काही परत येत नाही, फक्त फाइल फुगते. एमपी३तून ओपस केलं तर दोघांची काटछाट एकावर एक बसते. फोनसाठी ओपस उत्तम, हे मलाही मान्य. पण मूळ फाइलीतूनच बनवा.

ओपसवाला: ठीक आहे, ‘डिलीट करा’ काढतो. ‘तिप्पट’ही काढतो. ‘सरस’ राहील.