मध्यम स्तराच्या विन्यास योगवर्गात थेट प्रवेश द्यावा का?

पांझराकाठ (धुळे)
आमच्या भागातील एका स्टुडिओत सायंकाळी मध्यम स्तराचा विन्यास वर्ग भरतो आणि ‘मी पूर्वी योग केला आहे’ एवढे सांगून शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाला तिथे जागा मिळते. हे मला मान्य नाही. विन्यासात एका आसनातून दुसऱ्यात जाताना प्लँक (सरळ हातांवर शरीर फळीसारखे ताठ), चतुरंग दंडासन (कोपरे वाकवून तसेच ताठ शरीर जमिनीजवळ आणणे), ऊर्ध्वमुख श्वानासन (छाती वर उचलणे) आणि अधोमुख श्वानासन (हातपाय टेकवून कंबर वर उचलणे) हा क्रम पुन्हा पुन्हा येतो. तासाभराच्या वर्गात वीसेक वेळा चतुरंग सहज होते. ज्याची कोपरे बाहेर फाकतात आणि खांदे कोपरांच्याही खाली उतरतात, त्याच्या खांद्याच्या पुढच्या भागावर प्रत्येक वेळी ताण येतो, आणि हे त्या क्षणी जाणवत नसल्यामुळे तो पुढच्या फेरीतही तेच करतो. म्हणून माझे मत असे की, नाकाने श्वास घेत, तो न तुटू देता दहा सूर्यनमस्कार संथपणे घालता येतात का, हे प्रवेशापूर्वी पाहावे. येत नसतील तर प्राथमिक वर्गात जावे. त्यात कमीपणा नाही.

कापूसकोंड्या (जळगाव)
आपले म्हणणे मोठ्या शहरासाठी ठीक आहे, कारण तिथे एका स्टुडिओत दिवसभर बॅचेस चालतात. आपल्याकडे प्राथमिक वर्ग बहुधा सकाळी दहाला असतो आणि दुकानात, बँकेत किंवा शाळेत नोकरी करणाऱ्याला सातची मध्यम बॅच तेवढीच जमते. त्याला परत पाठवाल तर तो प्राथमिक वर्गाला जाणार नाही, घरी बसेल. चतुरंग जमत नसेल तर गुडघे टेकवून करता येते, आणि हा पर्याय पहिल्याच फेरीत स्पष्टपणे सांगणे हे शिक्षकाचे काम आहे. विन्यासाची आजची परंपरा ज्या योगगुरू कृष्णमाचार्यांपर्यंत नेली जाते, त्यांनीही योग माणसाप्रमाणे बदलून शिकवावा असाच आग्रह धरला होता. शिक्षकाच्या निष्काळजीपणाची शिक्षा शिकणाऱ्याला का द्यावी?

भुसावळकर
मुळात प्रश्नच चुकला आहे. पतंजलींनी योगसूत्रांत ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचे असावे, असे म्हटले असताना, ज्या वर्गात एका आसनात स्थिर होण्याआधीच पुढच्या आसनाची सूचना येते, तिथे प्राथमिक काय आणि मध्यम काय! लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगाने तपासले. त्या धर्तीवर सावकाश आसने शिकवणारे लोक आपल्या जिल्ह्यातही आहेत. ते सोडून मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, पत्र्याच्या छताखाली घाम गाळत उड्या मारण्याला व्यायाम म्हणा, माझी हरकत नाही.

पांझराकाठ (धुळे)
भुसावळकर, उन्हाबद्दल आपण बरोबर आहात. एप्रिल-मेमध्ये हा वर्ग पहाटेच घ्यावा, सायंकाळी सातलाही भिंती तापलेल्याच असतात. मात्र बाकीचे पटत नाही. कृष्णमाचार्य १९३० च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यात शिकवत असताना तयार झालेल्या, त्यांचे शिष्य पट्टाभी जोइस यांच्या पद्धतीत पहिल्या सूर्यनमस्काराचे नऊ आणि दुसऱ्या प्रकाराचे सतरा विन्यास, म्हणजे टप्पे, मोजले जातात, आणि प्रत्येक हालचालीला एक श्वास किंवा उच्छ्वास ठरलेला असतो. तिथे बहुतेक आसनांत पाच श्वास थांबतात. म्हणजे स्थैर्याची सोय पद्धतीतच आहे, घाई करतो तो शिकवणारा. शिवाय औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार घरोघरी पोहोचवण्यासाठी आयुष्य वेचले, त्या महाराष्ट्रात श्वासाबरोबर चालणाऱ्या हालचालीला परके मानणे मला चमत्कारिक वाटते.

मेहरूणकरीण (जळगाव)
मी असा वर्ग नियमित करते आणि चाचणीला माझा विरोध आहे, पण कापूसकोंड्या यांच्या कारणासाठी नाही. आमच्या वर्गात शेतात वाकून, उकिडवे बसून काम केलेल्या बायका आहेत; त्या मालासनात बसल्या की टाचा जमिनीवर सहज टेकतात, मात्र प्लँकमध्ये त्यांची मनगटे दुखतात. जिममधून आलेली मुले चतुरंग विनासायास करतात, पण मांडीचे मागचे स्नायू इतके आखडलेले असतात की अधोमुख श्वानासनात त्यांच्या पाठीला बाक येतो आणि गुडघे वाकवा म्हटले की त्यांना अपमान वाटतो. आता यांतले मध्यम कोण? दहा नमस्कारांच्या परीक्षेत मुले उत्तीर्ण होतील आणि बायका बाहेर राहतील, आणि दुखापत मात्र त्या मुलांनाच आधी होईल. माझ्या मते श्वास धापेवर आला की सगळे चालू असताना जो बालासनात (गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला टेकवण्याच्या विश्रांतीच्या आसनात) जाऊन बसतो, तो मध्यम स्तराचा. (आमच्याकडे असे बसणाऱ्याकडे मागची रांग टक लावून पाहते, हा वेगळाच त्रास आहे.) आणि तीस मॅट एकमेकींना चिकटून अंथरलेल्या असतील तर कोणतीही चाचणी उपयोगाची नाही, कारण शिक्षकाला सगळे दिसतच नाहीत.

कापूसकोंड्या (जळगाव)
ताईंचे म्हणणे मान्य. मात्र कोण कधी थांबेल हे वर्गात बसल्याशिवाय कळणार कसे? म्हणजे दार उघडेच ठेवावे लागेल.

पांझराकाठ (धुळे)
दार मी उघडे सोडणार नाही. उच्च रक्तदाब असलेला, मणक्याची चकती सरकलेला किंवा गरोदर असलेली स्त्री यांची विचारपूस तरी दारातच व्हायला हवी, आणि ती आज होत नाही. मेहरूणकरीण ताईंच्या मुद्द्यामुळे चाचणीचे स्वरूप मात्र बदलावे असे मला वाटते. मनगटे दुखणाऱ्यांना गुडघे टेकवून किंवा मुठींवर भार घेऊन नमस्कार घालू द्यावेत. नमस्कार किती झाले हे मोजू नये. श्वास तुटल्यावर माणूस स्वतःहून थांबतो की रेटत राहतो, तेवढेच पाहावे.

कापूसकोंड्या (जळगाव)
चांगली कल्पना आहे, पण आपली परीक्षा चालली आहे हे ठाऊक असताना आपल्या गावात कोण थांबेल, सांगा!