‘बेल’ : गाणं मनात राहतं, मग गोष्ट का राहत नाही?

पाऊसवेडी
(शेवटासकट सगळं लिहिलंय. सिनेमा बघायचा असेल तर आधी बघून या.)

परवा रविवारी कोथरूडला मैत्रिणीकडे भिंतीवर प्रोजेक्टर लावून आम्ही सहाजणांनी मामोरू होसोदा या जपानी दिग्दर्शकाचा ‘बेल’ (२०२१) हा ॲनिमेशनपट पाहिला. सुरुवातीलाच बेल व्हेलच्या पाठीवर उभी राहून गाते, तेव्हा कुणी जागचं हललं नाही. संपल्यावर मात्र प्रत्येकजण दुसऱ्याला विचारत होता, “तो बाप का पळाला?”

सुझू ही जपानमधल्या कोचीकडच्या खेड्यातली सतरा वर्षांची मुलगी. तिची आई पुरात अडकलेल्या परक्या लेकराला वाचवायला गेली आणि स्वतः वाहून गेली. तेव्हापासून सुझूला गाता येत नाही. पाच अब्ज लोकांच्या ‘यू’ या आभासी जगात बेलचं रूप घेतल्यावर तिचा गळा मोकळा होतो. इथवर गोष्ट घट्ट विणलेली आहे. मग ड्रॅगन येतो, त्याचा वाडा येतो, सुंदरी आणि राक्षसाची जुनी फ्रेंच परीकथा येते, शाळेतली प्रेमं येतात, ‘यू’मधल्या लोकांचे मुखवटे फाडणारा जस्टिन येतो. ड्रॅगन म्हणजे बापाचा मार खाणारा, धाकट्या भावाला, तोमोला, आडोसा देणारा केई, हे कळेपर्यंत सिनेमा संपत आलेला असतो. सुझू एकटी प्रवास करून त्यांच्या दारी जाते. बाप तिचा गाल ओरबाडतो, मूठ उगारतो, ती नुसती बघत राहते आणि तो घाबरून पळतो. एवढ्यावर दोन मुलांचा प्रश्न मिटला, असं मला मानता येत नाही. चित्रं आणि संगीत इतकं देखणं असताना पटकथेवर एवढी कमी मेहनत का?

रेघोट्या
असहमत. मी ॲनिमेशनमध्येच काम करतो, त्यामुळे जिव्हाळ्याने लिहितोय. सुझूचं गाव हाताने रेखाटलेलं आहे आणि ‘यू’ संगणकावर त्रिमितीत घडवलेलं. गावात ती मान खाली घालून चालते, ‘यू’मध्ये तिच्या केसांची बटसुद्धा डौलात हलते. हा फरक म्हणजेच गोष्ट आहे, ती संवादातून सांगायची गरज नाही.

आणि स्टेशनवरचा प्रसंग आठवा. कॅमेरा जागचा हलत नाही. सुझू आणि तिच्या शाळेतले लुका, कामिशिन नुसते अवघडून उभे. कोण कुणावर भाळलंय ते चेहऱ्यांच्या रंगावरून आणि चौकटीतून आत-बाहेर पळण्यावरून कळतं. गाणं नाही, झगमगाट नाही. हे ज्याला जमतं त्याला गोष्ट सांगता येत नाही, असं कसं म्हणता?

पाऊसवेडी
रेघोट्या, तो प्रसंग मलाही अतिशय आवडला, आणि माझी तक्रार तिथेच सुरू होते. ज्याला दोन मुलांचं लाजणं इतका वेळ देऊन दाखवता येतं, त्याने केईच्या घराला किती वेळ दिला? ‘समर वॉर्स’ (२००९) याच दिग्दर्शकाचा, तिथेही आभासी जग आहे, पण नव्वदीच्या आजीभोवतीचं ते भलंमोठं कुटुंब आपल्याला पाठ होतं. ती पटकथा सातोको ओकुदेराची होती. ‘बेल’ होसोदाने एकट्याने लिहिला. शेजारी बसून “हे गळतंय” म्हणणारं कुणी असायला हवं होतं.

मंद्रसप्तक
तुम्ही दोघं गाण्याबद्दल फार कमी बोलताय. सुझूचं बोलणं आणि गाणं दोन्ही काहो नाकामुरानेच केलंय. शेवटी सुझू बेलचं रूप टाकून स्वतःच्या साध्या चेहऱ्याने गाते, तेव्हा पहिल्या ओळीत आवाज बिचकतो, श्वास ऐकू येतो. माझ्या गाण्याच्या बाई सांगतात की सूर लागण्याआधीचा धीर ऐकू आला पाहिजे. तो इथे ऐकू येतो.

आपण पुण्याचे लोक. संगीत सौभद्र १८८२ साली इथेच रंगभूमीवर आलं. सुभद्रा अर्जुनाचीच होणार हे आजच्या प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं, तरी तो पदांसाठी जातो आणि ‘वन्स मोअर’ देतो. मग या सिनेमाला गोष्टीचं माप का?

पाऊसवेडी
कारण सौभद्रातली पदं गोष्टीला धरून आहेत. बलरामाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, थोरल्या भावापुढे कुणाचं चालत नाही, म्हणून ती ‘वद जाऊ कुणाला शरण’ म्हणते. तिची कोंडी कळली नसती तर ते पद नुसती छान चाल राहिलं असतं. सुझूचं शेवटचं गाणंही तसंच तिच्या कोंडीतून येतं, तिथे माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ते गाणं तिची गाठ सोडवतं. आपली आई त्या लेकरासाठी पाण्यात का उतरली, हे तिला आतून कळतं. पण केईची गाठ गाण्याने सुटणारी नाही. त्याने कुणाला शरण जायचं?

उंबरठा
पहिल्यांदाच लिहितेय. मी काही वर्षं मुलांच्या प्रश्नांवर काम केलंय, म्हणून राहवलं नाही.

“मदत करतो, मदत करतो” असं सगळे म्हणतात आणि काहीच होत नाही, म्हणून केई चिडतो. तो प्रसंग शंभर टक्के खरा आहे. अशी मुलं तोंडावर दार लावतात, कारण आधी आलेला माणूस चौकशी करून निघून गेलेला असतो आणि मागे मार वाढलेला असतो. त्यासाठी मी या सिनेमाची ऋणी आहे.

पण पुढे सुझूच्या वृंदगानातल्या मोठ्या बायका सरकारी यंत्रणेला फोन करतात, चौकशीला अठ्ठेचाळीस तासांपर्यंत लागतील असं नियमातलं उत्तर मिळतं, आणि त्या सतरा वर्षांच्या मुलीला स्टेशनवर सोडतात! एकीनेही सोबत जाऊ नये? आपल्याकडे मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या नंबरवर फोन आला तरी काम करणारी माणसं एकट्या मुलीला असल्या घरी धाडणार नाहीत. पळालेला बाप रात्री परत येतो. मुलं त्याच घरात असतात.

रेघोट्या
उंबरठा, हे वाचून थांबलो. त्या बायकांना मी आत्तापर्यंत नुसत्या प्रेमळ बायका म्हणून पाहिलं होतं. तरी एक सांगतो. आईसुद्धा अशीच एकटी पाण्यात उतरली होती, काठावर सगळे उभे होते. सुझूने तेच करावं, म्हणून तिला एकटीला पाठवलंय. दिग्दर्शकाला ती रेघ जुळवायची होती.

उंबरठा
रेघ जुळली, मान्य. पण सुझू संध्याकाळी सगळ्यांबरोबर नदीकाठी चालत घरी येते, आणि केई-तोमो त्या रात्री कुठे झोपले ते कुणीच दाखवत नाही. मला एक मिनिट हवं होतं. दाराशी उभी एखादी बाई, एक पिशवी, दोघांचे बूट.

रेघोट्या
हे एक मिनिट मला रेखाटावंसं वाटतंय.