इओसिनोफिल ४१ टक्के म्हणजे काय? तातडीने मदत हवी आहे

धानकरी
बाबांच्या रक्ताच्या रिपोर्टात इओसिनोफिल ४१, पुढे 'एच' आणि दोन चांदण्या. गावच्या डॉक्टरांनी जंत म्हणून अल्बेंडाझोल दिली, काही फरक नाही. ब्लड कॅन्सर तर नाही ना? उद्या पहिल्या एसटीने ब्रह्मपुरीला नेतोय, आज रात्रीच सांगा.

नागपूरकर
वय? पांढऱ्या पेशींचा टोटल काउंट? त्रास काय होतोय ते तर लिहा!

काढेवाला
वावडिंग चूर्ण मधातून, सात दिवस. आमच्या आजीने अख्खं गाव बरं केलं.

धानकरी
वय ५८, टोटल १४,२००. खोकला आहे, रोवणीपासून. दिवसा बांधीत काम करतात, रात्री दोनला खाटेवर उठून गुडघ्यांत डोकं घालून खोकतात. छातीत शिट्टी वाजते.

लॅबवाला
हे आधी सांगायचं ना भाऊ! इओसिनोफिल म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. १४,२०० चे ४१ टक्के म्हणजे ५,८०० च्या वर. एरवी ५०० च्या आत असतात. रात्रीचा खोकला, शिट्टी आणि आपला फायलेरियाचा, म्हणजे हत्तीरोगाचा पट्टा, तर ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया (फायलेरियामुळे होणारा फुप्फुसाचा आजार) आहे का ते विचारा.

साकोली_कट्टा
फायलेरिया? पाय सुजले हायेत काय?

धानकरी
पाय ठणठणीत आहेत.

लॅबवाला
पाय सुजायलाच हवा असं नाही. फायलेरियाची पिल्लं फुप्फुसात अडकतात. पांढरी पेशी एवढ्या मोठ्या जिवाला गिळू शकत नाही, मग इओसिनोफिल बाहेरून चिकटून त्याच्यावर विषारी प्रथिनं ओततात. पिल्लू मरतं, पण फुप्फुसही सुजतं. तणनाशक मारताना धान करपतं तसंच. म्हणून यात फायलेरियासाठी रात्री काढतात त्या रक्तातही बहुधा जंतू सापडत नाही. यावर डीईसी ही फायलेरियाची गोळी असते, साधारण तीन आठवडे. पण मनाने घेऊ नका.

दमेकरी
साधा दमा आहे हो. माझ्या साळ्याला प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने दोन दिवसांत आराम पडला.

लॅबवाला
स्टेरॉइडने इओसिनोफिल खाली येतातच, मूळ तसंच राहतं. आणि पोटात स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत निघाला तर स्टेरॉइडमुळे तो अंगभर पसरू शकतो. कशाला सल्ले देता?

दमेकरी
तुम्ही डॉक्टर आहात का?

लॅबवाला
नाही. म्हणूनच 'विचारा' म्हटलं.

शेळीपालक
बकऱ्यांना जंताचं औषध वजन करूनच पाजा, अंदाजाने नको.

नागपूरकर
बकऱ्या कुठून आल्या??

धानकरी
आता आईने सांगितलं. हत्तीरोगाच्या मोहिमेच्या गोळ्या बाबा आशाताईसमोर तोंडात घेत आणि मागच्या दारी थुंकत. एकदा खाल्ल्या तेव्हा ताप आला होता म्हणे.

लॅबवाला
अंगात जंतू असेल तर तो मरताना शरीर खवळतं, त्याने ताप येतो. ही गोष्ट डॉक्टरांना नक्की सांगा. थुंकीची टीबी तपासणीही करून घ्या, इओसिनोफिल वाढले म्हणून टीबी नसेलच असं नाही.

धानकरी
बरं. कॅन्सरचं काय?

नागपूरकर
तेही तिथेच विचारा. रिपोर्टची मूळ प्रत न्या, मोबाइलचा फोटो नको.

काढेवाला
वावडिंग सोबत ठेवलं तरी चालतं.