कुकीच्या पट्टीत फक्त ‘ठीक आहे’ बटण, चालतं का? आणि पैसे भरून परत आल्यावर गिऱ्हाईक लॉग-आउट का होतंय?

चप्पल_लाइन

नमस्कार मंडळी. कोल्हापुरी चपलांची ऑनलाइन विक्री आहे, साइट वर्डप्रेस आणि त्याच्या दुकानाच्या प्लगइनवर, वूकॉमर्सवर. ज्यानं साइट करून दिली त्यानं गूगल ॲनालिटिक्स (साइटवर येणाऱ्यांची मोजणी) आणि फेसबुकचा पिक्सेल (जाहिरातीसाठी माग ठेवणारा कोड) बसवलाय. खाली एक पट्टी येते, ‘आम्ही कुकी वापरतो’, आणि एकच बटण, ‘ठीक आहे’. भाव युरोमध्येही दाखवतो, तिकडं पार्सलंही जातात. आता जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकाची मेल आलीय: मी काहीच दाबलं नव्हतं, तरी माझी माहिती दुसऱ्या कंपन्यांकडं का गेली?

खरंच जाते का, आणि ते तपासायचं कसं? शिवाय दोन तक्रारी वारंवार येतात. मोबाइलवर बास्केट मधेच रिकामी होते, आणि पैसे भरून साइटवर परत आलं की लॉग-आउट झालेलं दिसतं. याचाही कुकीशी संबंध आहे का?

---

उद्यमनगर_कट्टा

तिन्ही गोष्टींचा कुकीशीच संबंध आहे. दादा, आधी मुळातलं सांगतो.

ब्राउझरनं सर्व्हरकडं पाठवलेली प्रत्येक विनंती सुटी असते, सर्व्हरला मागचं काही आठवत नाही. त्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी कुकी काढली, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. अंबाबाईच्या देवळाबाहेर चपला ठेवल्या की नंबरचा बिल्ला मिळतो, तसंच हे. बिल्ल्यावर नुसता आकडा असतो. चपला कुठल्या कप्प्यात आहेत ते स्टँडवाल्याला माहीत. बास्केटमध्ये ९ नंबरची कापशी चप्पल आहे हे तुमच्या सर्व्हरवर लिहिलेलं असतं, कुकीत फक्त ते पान शोधायचा आकडा. हा झाला साधा, गरजेचा बिल्ला.

आता समजा महाद्वार रोडवरच्या प्रत्येक दुकानात एकाच कंपनीचा माणूस बसलाय आणि सगळीकडं तोच बिल्ला बघून वहीत नोंद करतोय. ही झाली तिसऱ्या पक्षाची कुकी. सफारीनं ती मार्च २०२० पासून सरसकट बंद केली. फायरफॉक्सनं जून २०२२ पासून प्रत्येक साइटची कुकीची बरणी वेगळी केली, म्हणजे एका साइटवरची कुकी दुसरीकडं दिसत नाही. क्रोमनं २०२० मध्ये बंद करू म्हटलं आणि २०२४ मध्ये तो बेत सोडला, त्यामुळं क्रोमच्या साध्या खिडकीत ती अजून चालते.

पण तुमच्या साइटवरचा मुख्य प्रश्न हा नाही. गूगल ॲनालिटिक्सची ‘जीए’ कुकी आणि फेसबुकची ‘एफबीपी’ कुकी तुमच्याच डोमेनच्या नावानं बसतात. पहिलीची ठरवलेली मुदत २ वर्षं, दुसरीची ९० दिवस. ‘तिसऱ्या पक्षाच्या कुकी बंद’ असं सेटिंग केलेल्या गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्येही त्या बसतात आणि त्यातला आकडा स्क्रिप्ट, म्हणजे पानावर चालणारा कोड, बाहेर पाठवते. म्हणून नुसती कुकींची यादी बघून भागत नाही, बाहेर काय जातंय ते बघावं लागतं.

कॉम्प्युटरवर क्रोमची इनकॉग्निटो खिडकी उघडा. साइट उघडायच्या आधी एफ १२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅबवर जा आणि ‘प्रिझर्व्ह लॉग’ची खूण करा. मग साइट उघडा, पट्टीला हात लावू नका. गाळणीत ‘कलेक्ट’ हा इंग्रजी शब्द टाकला की गूगल ॲनालिटिक्सकडं जाणाऱ्या विनंत्या दिसतील. गाळणी रिकामी करून फेसबुकच्या पत्त्यानं शोधलं की पिक्सेलच्या. मग ‘ॲप्लिकेशन’ टॅबमध्ये डाव्या बाजूला ‘कुकीज’ उघडा, नाव, डोमेन आणि मुदत तिथं दिसेल. तिथंच ‘लोकल स्टोरेज’ही बघा. तिथं साधारण ५ एमबी माहिती बसते, तिला मुदत नसते आणि पट्टीवाले तिकडं सहसा बघतच नाहीत.

बटण दाबायच्या आधीच ‘कलेक्ट’ची एक जरी ओळ आली, तर तुमच्या गिऱ्हाइकाचं म्हणणं बरोबर आहे. एकच बटण असलेली पट्टी जवळजवळ नेहमी नुसती पाटी असते, तिच्या मागं काहीच थांबवलेलं नसतं.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा. संमतीचं प्लगइन पानाच्या अगदी वरच्या भागात, इतर सगळ्या स्क्रिप्टच्या आधी चाललं पाहिजे. मूळ स्थिती ‘नकार’ ठेवायची आणि गूगलचा टॅग, म्हणजे ॲनालिटिक्सचा कोड, त्यानंतर. इथं दोन पद्धती आहेत. एकीत होकार येईपर्यंत टॅग उतरतच नाही. दुसरीत टॅग उतरतो, कुकी ठेवत नाही, पण बिनकुकीचे निरोप गूगलकडं जात राहतात. पहिलीच घ्या. आकडे थोडे कमी दिसतील, पण गिऱ्हाइकाला दिलेला शब्द खरा राहील.

पिक्सेलबद्दल एक सांगतो. फेसबुक-इन्स्टावर पैसे देऊन जाहिरात करत नसाल तर तो आजच काढा, त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. करत असाल तर ‘ॲडव्हान्स्ड मॅचिंग’ चालू आहे का बघा. चालू असेल तर गिऱ्हाइकानं भरलेला मोबाइल नंबर आणि ईमेल ‘हॅश’ करून, म्हणजे गणितानं सांकेतिक अक्षर-आकड्यांत बदलून, पाठवले जातात. हॅश म्हणजे ओळख पुसली, असं धरू नका. आपला मोबाइल नंबर १० आकडी, सुरुवात ६ ते ९ नं, म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. तेवढ्या सगळ्यांचे हॅश काढून जुळवणं साध्या कॉम्प्युटरलाही जड नाही.

---

राजारामपुरी_८वी_गल्ली

पैसे भरून आल्यावर लॉग-आउट होण्याचं कारण बहुतेक ‘सेमसाइट’, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आल्यावर कुकी पाठवायची की नाही ते ठरवणारा कुकीवरचा शिक्का.

२०२० पासून क्रोम, ज्या कुकीवर सेमसाइटचा शिक्का नाही तिला ‘लॅक्स’ धरतो. लॅक्स म्हणजे दुसऱ्या साइटवरून साध्या लिंकनं आलात तर कुकी पाठवायची, पण पोस्ट पद्धतीनं, म्हणजे फॉर्ममधून माहिती पाठवत आलात, तर नाही. काही पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे भरून घेणाऱ्या कंपन्या) गिऱ्हाइकाला पोस्टनंच परत पाठवतात. क्रोमनं एक सवलत ठेवलीय: शिक्का नसलेली कुकी २ मिनिटांच्या आत बसलेली असेल तर पोस्टलाही जाते. पण लॉग-इन करून, चपला निवडून, पत्ता भरून, ओटीपी येईपर्यंत २ मिनिटं कधीच उलटून जातात. म्हणूनच ‘कधी होतं, कधी होत नाही’ असं दिसतं आणि तपासणारा चक्रावतो. साइट करणारा घाईघाईत चाचणी करतो, त्याला सगळं नीट दिसतं.

उपाय: गेटवेच्या सेटिंगमध्ये परतीचा रस्ता ‘गेट’, म्हणजे साध्या लिंकच्या, पद्धतीचा करता येतो का बघा. करता येत नसेल तर परत येणाऱ्या पानानं पोस्ट घेऊन लगेच आपल्याच साइटवरच्या दुसऱ्या पानावर पाठवावं. लॉग-इनच्या कुकीवर सरसकट ‘सेमसाइट नन’ टाकू नका. ते ‘सिक्युअर’शिवाय (कुकी फक्त एचटीटीपीएसवर पाठवायचा शिक्का) चालतही नाही, आणि दुसऱ्या साइटवरून तुमच्या गिऱ्हाइकाच्या नावानं खोटी विनंती घुसवायला वाट मोकळी होते. आणि ऑर्डर ‘पैसे मिळाले’ अशी झाली की नाही, हे ब्राउझर परत येण्यावर कधीच अवलंबून ठेवू नका. गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला थेट कळवतो, त्याला वेबहुक म्हणतात, त्यावर ठेवा. परतीच्या पत्त्यात ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ आहे की नाही तेही बघा. साइट एका नावानं आणि परतीचा पत्ता दुसऱ्या नावानं असेल तर बिल्ला ओळखलाच जात नाही.

बास्केट रिकामी होते ती बहुतेक इन्स्टामुळं. इन्स्टाच्या लिंकवरून साइट उघडली की ती ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. त्याच्या कुकी वेगळ्या, क्रोमच्या वेगळ्या. बास्केट तिथं भरली आणि संध्याकाळी क्रोममध्ये उघडली, तर रिकामीच दिसणार. ‘पूर्ण ब्राउझरमध्ये उघडा’ अशी ओळ वर ठेवा, नाहीतर बास्केटची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवायची सोय द्या. शिवाय लॉग-इन न केलेल्या गिऱ्हाइकाचं वूकॉमर्समधलं सत्र ४८ तासांत संपतं. शुक्रवारी निवडलं आणि सोमवारी आलं तर गेलं.

कॅशिंगचं, म्हणजे पानांची साठवलेली प्रत देणारं, प्लगइन असेल तर बास्केट, चेकआउट आणि खात्याची पानं त्यातून वगळलीत ना? हे आधी तपासा. नाहीतर एकाची बास्केट दुसऱ्याला दिसते, आणि त्यात पत्ता असेल तर ते सरळ माहिती फुटणं झालं.

जाता जाता, आयफोनवाल्यांचे आकडे ॲनालिटिक्समध्ये वाढलेले दिसतील. स्क्रिप्टनं ठेवलेली कुकी सफारी ७ दिवसांत पुसतं, फेसबुक-गूगलच्या जाहिरातीतून माग काढायची खूण जोडलेल्या लिंकनं आलेल्याची तर २४ तासांत. आठवड्यानं परत आलेलं जुनं गिऱ्हाईक ‘नवीन’ म्हणून मोजलं जातं. त्या आकड्यावर जाहिरातीचा खर्च ठरवू नका.

---

बिंदू_चौक

कायद्याची बाजू. युरोमध्ये भाव लावून तिकडं माल पाठवताय, म्हणजे दुकान कोल्हापुरात असलं तरी युरोपचा माहिती संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, लागू होतो (कलम ३). तो २५ मे २०१८ पासून अंमलात आहे. कुकीची संमती मात्र मुळात युरोपच्या ई-प्रायव्हसी निर्देशातून येते. जर्मनीत तो नियम टीडीडीडीजी कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे. बास्केट, लॉग-इन, भाषेची निवड अशा मागितलेल्या सेवेसाठी अगदी गरजेच्या कुकीला परवानगी लागत नाही. मोजणी आणि जाहिरातीच्या कुकीला आधी लागते. लोकल स्टोरेजलाही हाच नियम, कारण कायदा ‘कुकी’ असं नाव बघत नाही, वापरणाऱ्याच्या यंत्रावर काही ठेवलं किंवा वाचलं का एवढंच बघतो.

आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नाही, असं युरोपच्या न्यायालयानं १ ऑक्टोबर २०१९ ला ‘प्लॅनेट ४९’ खटल्यात सांगितलंय. होकार एका टिचकीत आणि नकार मात्र अनेक टिचक्यांमागं लपवलेला, यासाठी फ्रान्सच्या नियामकानं गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला, ते जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालं. तेव्हा ‘नको’ हे बटण ‘चालेल’च्या शेजारी, त्याच आकाराचं ठेवा. तिकडची विक्री नियमित असेल तर जीडीपीआरच्या कलम २७ प्रमाणं युरोपात प्रतिनिधी नेमावा लागतो, त्यासाठी जाणकार वकिलाला विचारा.

आपल्याकडचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. त्यात कुकी हा शब्द नाही, पण माणूस ओळखता येईल अशी माहिती गोळा केली की तो लागू होतो. संमती जितकी सहज दिली तितक्याच सहज मागं घेता आली पाहिजे. सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची निवड द्यावी लागते, म्हणजे मराठीतही. ही गोष्ट मनावर घ्या, आपल्या गिऱ्हाइकाला आपल्या भाषेत कळलं पाहिजे. १८ वर्षांखालच्यांचा माग काढणं आणि त्यांना रोखून जाहिरात करणं कायद्यात मना आहे.

---

चप्पल_लाइन

तिघांचे आभार. तपासलं. पट्टीला हात लावायच्या आधी ‘कलेक्ट’च्या दोन ओळी आणि फेसबुकची एक. पिक्सेल काढला, संमतीचं प्लगइन बसवलं, मूळ स्थिती ‘नकार’. तरी पहिल्या वेळी गूगलची एक विनंती जातेच. त्यात ‘जीसीएस’समोर ‘जी१११’ दिसतंय. आणि गूगल फॉन्टच्याही दोन-तीन विनंत्या आहेत, त्या चालतील का? त्या मेलला काय लिहू?

---

उद्यमनगर_कट्टा

‘जी१११’ म्हणजे जाहिरात आणि मोजणी दोन्हीला होकार आहे, असं टॅग समजतोय. नकार असता तर ‘जी१००’ दिसलं असतं, आणि टॅग पुरता अडवलेला असता तर ओळच आली नसती. म्हणजे टॅग संमतीच्या स्क्रिप्टच्या आधी पळतोय. दोन ठिकाणी बघा. साइटचा वेग वाढवणारं प्लगइन स्क्रिप्ट एकत्र करत असेल किंवा उशिरा चालवत असेल, तर संमतीची स्क्रिप्ट त्यातून वगळा. दुसरं, ॲनालिटिक्सचा कोड थीमच्या हेडरमध्ये हातानं चिकटवलेला असतो आणि प्लगइनमधूनही पुन्हा घातलेला असतो. तुमच्याकडं दोन ओळी दिसल्या होत्या, त्यामुळं हीच शंका जास्त. थीममधला काढा, कॅश रिकामी करा, नव्या इनकॉग्निटो खिडकीत परत बघा.

फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर ठेवा. गूगलवरून उतरवले की गिऱ्हाइकाचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याच्या जोडणीचा आकडा) तिकडं जातो. म्युनिकच्या न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये याच कारणासाठी एका साइटमालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती, आणि तुमचं गिऱ्हाईक जर्मनीतलंच आहे. साइटवर यूट्यूबचा व्हिडिओ किंवा गूगलचा नकाशा असेल तर त्याजागी चित्र ठेवून टिचकी मारल्यावरच तो उघडेल असं करा.

---

बिंदू_चौक

मेलचं उत्तर पोचल्यापासून एका महिन्याच्या आत द्यायचं असतं. सरळ लिहा: तुमचं म्हणणं बरोबर होतं, संमतीआधी गूगल आणि फेसबुककडं विनंत्या गेल्या. कुठल्या कुकी होत्या, मुदत किती, फॉन्टमुळं आयपी पत्ता गेला, हे नावानिशी द्या. कुठल्या तारखेला काय बंद केलं ते लिहा. तुमच्याकडं असलेली त्यांची माहिती, म्हणजे नाव, पत्ता, ऑर्डर, वेगळी मांडा आणि बिलासाठी काय किती काळ ठेवावं लागतं ते सांगा. ‘आम्ही कुठलीही माहिती कुणाला देत नाही’ हे वाक्य मात्र घालू नका. कुरिअरला पत्ता देताच की. आधीची नेटवर्क टॅबची चित्रं पुसू नका, दुरुस्तीनंतरची काढा आणि दोन्ही तारखेसकट जपून ठेवा.