मदत हवी आहे: बॅले शिकणाऱ्या मुलीसाठी फिजिओ आणि सरावाची जागा

नमस्कार मंडळी. मुलगी १३ वर्षांची, कोथरूडला बॅलेच्या क्लासला जाते आणि आता तिला यातच करिअर करायचंय. आमच्या घरात आजवर फक्त कथक, त्यामुळे आमची पाटी कोरीच. ('त्यापेक्षा सीए कर' हा सल्ला आजीकडून मिळालेला आहे, कृपया पुन्हा नको.)

टीचर म्हणतात, पॉइंट शूज सुरू करू. त्या बुटांचं टोक कापड आणि खळीचे थर देऊन कडक केलेलं असतं आणि सगळं वजन बोटांच्या टोकावर येतं. हाडं, घोटे तयार नसताना घाई केली तर पाय कायमचा दुखावू शकतो, म्हणून आधी तपासून घ्यायचंय. नाचणाऱ्यांचे पाय बघायची सवय असलेले फिजिओ किंवा ऑर्थोपेडिक पुण्यात कोणी आहेत का? एका डॉक्टरांनी 'नाच बंद करा' एवढंच सांगून फी घेतली.

दुसरं, घरी सराव फरशीवर चालतो. उड्यांचा सगळा दणका गुडघ्यांत जातो. खालून लवचीक असा लाकडी फ्लोअर असलेला हॉल कर्वेनगर-वारजे भागात तासावर मिळेल का?

बहुतेक बॅले डान्सर पस्तिशी-चाळिशीत थांबतात, हे माहीत आहे. प्री द लोझान ही स्वित्झर्लंडमधली तरुण बॅले डान्सरांची स्पर्धाही १५ ते १८ वयासाठीच. मुंबईचा अमीरुद्दीन शाह लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोचला, ते उदाहरण रोज ऐकतोय! परदेशी बॅले शाळेत मूल पाठवलेले पालक इथे असतील तर खर्च आणि दहावी-बारावीचं कसं जमवलं, तेवढं सांगा.